दुबईतली जागा, नाशिकची माणसं: एजंटाशिवाय घ्यायची आणि विकायची कशी

२०१८ साली आम्ही दोघांनी दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत एक वन बीएचके घेतला आणि २०२४च्या नोव्हेंबरात विकला. दोन्ही वेळा एजंट नव्हता. आम्ही राहतो इंदिरानगरला. मी बँकेतून निवृत्त, हे नाशिकरोडच्या नोटांच्या कारखान्यातून. लेक-जावई तेव्हा दुबईत नोकरीला होते, एवढीच आमची तिथली ओळख. आता ओळखीपाळखीतलं कुणी ना कुणी विचारत असतं, "काकू, तुम्ही केलंत कसं?" दर वेळी फोनवर तासभर जातो, म्हणून क्रमाने लिहून काढते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. एजंट चार कामं करतो: जागा शोधतो, भावाचं बोलतो, कागद फिरवतो आणि दोघांच्या मध्ये उभा राहून बयाण्याचा चेक सांभाळतो. पहिली तीन कामं चिकाटी असेल तर आपण करू शकतो. चौथं काम स्वतः करायला जाऊ नका. समोरचा कितीही सज्जन असला तरी त्याच्या हातात नोंदणीआधी पैसे द्यायचे नाहीत, आणि आपण विकत असलो तर पैसे दिसल्याशिवाय सही करायची नाही. मधला माणूस नको असेल तर नको, पण मधली जागा कुणीतरी भरलीच पाहिजे. आम्ही ती वकिलाने भरली.

बचतीचंही खरं सांगते. दुबईत एजंटाचा दर साधारण २ टक्के आणि त्यावर ५ टक्के व्हॅट. आमचा सौदा ४,६०,००० दिरहमचा, म्हणजे दलाली ९,६६० दिरहम झाली असती. वकिलाने ५,५०० घेतले. वाचले ते मुंबई-दुबईच्या तिकिटांत आणि टॅक्सीत गेले. तेव्हा केवळ पैसे वाचवायला हे करणार असाल तर आधी हिशोब मांडून बघा. आमचा फायदा एवढाच झाला की प्रत्येक कागद आम्हाला कळला, आणि विकताना ते उपयोगी पडलं.

सुरुवात दुबईत नाही, तुमच्या बँकेत

लोक आधी फ्लॅट बघतात आणि मग पैसे कसे पाठवायचे ते विचारतात. उलटं करा.

भारतात राहणारा माणूस रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलर बाहेर पाठवू शकतो. दिरहम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणजे माणशी जेमतेम ९,१८,००० दिरहम. घराची किंमत, नोंदणीचा खर्च, शिवाय त्याच वर्षात मुलाच्या परदेशी शिक्षणासाठी पाठवलेले पैसे, सगळं याच मर्यादेत मोजलं जातं. पॅन लागतो, ए-टू फॉर्म भरावा लागतो. जागेसाठी पैसे पाठवायचे तर त्या बँकेत तुमचं खातं किमान एक वर्षाचं असावं असा नियम आहे. नसेल तर बँक जुने उतारे आणि रिटर्न मागते. गेल्या महिन्यात एफडी मोडून नव्या बँकेत गेलेल्यांची इथेच अडचण होते. आणि या पैशासाठी भारतातली बँक कर्ज देऊ शकत नाही. घर गहाण टाकून दुबईत फ्लॅट घेऊ, हा बेत मनातून काढून टाका.

आता माझी फजिती. एकतीस वर्षं मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसले, तरी चुकले. सौदा ह्यांच्या एकट्याच्या नावावर ठरला होता आणि निम्मे पैसे माझ्या पीएफचे होते. फॉर्म घेऊन शाखेत गेले. समोर लेकीच्या वयाची अधिकारी. तिने करार वाचला आणि म्हणाली, "मॅडम, खरेदीत तुमचं नाव कुठे आहे?" नव्हतंच. कुटुंबातल्यांना आपापल्या मर्यादा एकत्र करता येतात, पण जागेच्या बाबतीत ज्याचे पैसे त्याचं नाव मालकीत असावं लागतं. करार पुन्हा करून माझं नाव घातलं, दहा दिवस गेले. नवऱ्याचे आणि बायकोचे पैसे जाणार असतील तर दोघांची नावं पहिल्या कागदापासून घाला, आणि पासपोर्टवर आहेत अगदी तशीच घाला.

आम्ही घेतलं तेव्हा टीसीएस, म्हणजे बाहेर पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते ती कराची रक्कम, नव्हता. तो ऑक्टोबर २०२० पासून आला, ऑक्टोबर २०२३ पासून २० टक्के झाला, आणि १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर लागतो. हिशोबापुरता दिरहम २४ रुपयांचा धरा. ८ लाख दिरहमचा फ्लॅट म्हणजे १ कोटी ९२ लाख. नवरा-बायकोने निम्मेनिम्मे पाठवले तर प्रत्येकाच्या ९६ लाखांतले १० लाख सोडून ८६ लाखांवर १७ लाख २० हजार, दोघांचे मिळून ३४ लाख ४० हजार रुपये बँक वर कापून घेणार. हा वेगळा कर नव्हे, रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर ते पैसे अडकतात, आणि निवृत्त माणसाचे वर्षभरही अडकू शकतात. जागेचं बजेट ठरवताना ही रक्कम हाताशी वेगळी ठेवा. सौदा मार्च-एप्रिलच्या सांध्यावर असेल तर अर्धे पैसे अलीकडे, अर्धे पलीकडे पाठवून मर्यादाही दोनदा मिळते आणि ती दहा लाखांची सूटही.

जागा शोधणं आणि भाव

परदेशी माणसाला दुबईत कुठेही जागा घेता येत नाही. २००६च्या ७ क्रमांकाच्या कायद्याने ठरावीक भागांतच पूर्ण मालकी मिळते. मरीना, डाउनटाउन, बिझनेस बे, जुमेरा व्हिलेज सर्कल, इंटरनॅशनल सिटी हे त्यातले. आम्ही शेवटचा निवडला, कारण तो परवडत होता. चायना क्लस्टर, इंग्लंड क्लस्टर, फ्रान्स क्लस्टर अशी देशांच्या नावांची बुटकी, एकसारखी घरं. पंचवटीतून गेलेल्या माणसाला फ्रान्स क्लस्टरमध्ये फारसं बुजायला होत नाही. खाली किराणा, वर वाळत घातलेले कपडे.

मालकाने स्वतः टाकलेल्या जाहिराती संकेतस्थळांवर असतात, पण त्यांत मालक म्हणवणारे एजंटच जास्त. खरी माहिती इमारतीत मिळते. लेकीने तीन संध्याकाळी तीन इमारतींच्या सुरक्षारक्षकांशी गप्पा मारल्या आणि दोन मालकांचे नंबर आणले. इथेही आपण सोसायटीच्या वॉचमनलाच विचारतो.

भावासाठी कुणाच्या तोंडाकडे बघायची गरज नाही. दुबई लँड डिपार्टमेंट झालेल्या व्यवहारांची आकडेवारी खुली ठेवतं, आणि त्यांच्या दुबई रेस्ट या ॲपवरही बरंच दिसतं. आपण नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू काढून शेजारचा फ्लॅट कितीला गेला ते बघतो, तसंच. त्याच इमारतीतले मागच्या सहा महिन्यांचे व्यवहार काढा आणि क्षेत्रफळावरून दर लावा. जाहिरातीतले आकडे हे मागणीचे असतात, मिळालेले नसतात. आमच्या विक्रेत्याने ४,९५,००० सांगितले होते. आम्ही त्याच्याच मजल्यावरचा व्यवहार छापून नेला, त्यावर फार बोलावं लागलं नाही.

भाव ठरवताना सर्व्हिस चार्ज विसरू नका. तो चौरस फुटावर, वर्षाचा, आणि इथल्या मेंटेनन्सच्या मानाने डोळे पांढरे करणारा असतो. प्रत्येक इमारतीचा मंजूर दर सरकारी यादीत असतो, तो आधी बघा. उंच टॉवर, पोहण्याचा तलाव, मध्यवर्ती कूलिंग म्हटलं की भाड्यातला चांगला तुकडा तिथे जातो.

कागद

मालकीचा कागद म्हणजे टायटल डीड. आपलं खरेदीखत आणि सातबारा एकाच पानात. त्यावर इमारतीचं नाव, फ्लॅटचा नंबर, चौरस मीटरमधलं क्षेत्रफळ, पार्किंगचा नंबर, मालकांची नावं आणि प्रत्येकाचा हिस्सा. विक्रेत्याकडून प्रत घ्या आणि त्यावरचा नंबर घालून लँड डिपार्टमेंटच्या ॲपवर ती खरी आहे का ते स्वतः तपासा. मग पासपोर्टशी ताडून पाहा. इथे एक बारीक अडचण येते: टायटल डीड झाल्यावर मालकाने पासपोर्ट बदलला असेल तर दप्तरी जुना नंबर असतो, आणि तो अद्ययावत करून घ्यावा लागतो. आमचा विक्रेता या कारणाने एकदा हात हलवत परत आला होता. आपणही घेताना दिलेला पासपोर्ट संपला म्हणून टाकून देऊ नका.

फ्लॅटवर कर्ज असेल तर तेही नोंदीत दिसतं. पहिल्या सौद्याला कर्जाचा फ्लॅट घेऊ नका, असं मी म्हणेन. होतं सगळं, पण विक्रेत्याची बँक, तिचं देणं फेडणं, बोजा उतरवणं असे टप्पे वाढतात आणि तुम्ही नाशिकला असता.

मग करार. तिथला ठरीव नमुना फॉर्म एफ म्हणून ओळखला जातो, आपल्या साठेखताच्या जागी. एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथल्या रहिवाशाचं ओळखपत्र, असलेल्याला तो ॲपवरून करता येतो. आपल्याकडे ते नसतं, म्हणून आम्ही वकिलाकडून करार करून घेतला. त्यात किंमत, तारीख, कुणी मोडला तर बयाण्याचं काय, भाडेकरू आहे की नाही, सर्व्हिस चार्ज कुठपर्यंत भरलेला, एसी-फ्रिज ठेवणार की नेणार, आणि नोंदणीची फी कोण भरणार हे लिहा. शेवटच्यावर भांडणं होतात. फी किमतीच्या ४ टक्के आहे; कायद्यात ती दोघांनी निम्मी वाटून घ्यायची आहे, पण चालरीत अशी की घेणाराच सगळी भरतो. आम्ही एक टक्का तरी त्याच्यावर टाकायचा प्रयत्न केला. तो नुसता हसला.

बयाणा १० टक्क्यांचा चेक असतो, न वटवता मध्ये ठेवायचा. हा चेक एजंट ठेवतो, आमचा वकिलाच्या कार्यालयात राहिला. चेक द्यायला तिथलं खातं लागतं. ते नसेल तर वकिलाच्या ग्राहक-खात्यात पैसे पाठवायचे आणि त्याने बँकेचा चेक काढायचा. तुमची इथली बँक त्या वकिलाचं नेमणूकपत्र मागेल, ते आधीच मागवून ठेवा.

करार झाला की विकासकाकडून ना-हरकत काढायची. सर्व्हिस चार्जची बाकी असेल तर ती मिळतच नाही, त्यामुळे मागची देणी तपासायचं काम इथे आपोआप होतं. फी विक्रेत्याची.

भाडेकरूसकट घेत असाल तर

हा भाग दोनदा वाचा, आमचं जवळपास दीड वर्ष यात गेलं.

आम्ही घेतला तेव्हा फ्लॅटमध्ये भाडेकरू होता. लेक-जावयाला तिथे राहायला जायचं होतं. आपल्याकडे अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स संपला की माणूस निघतो, निदान निघावा अशी अपेक्षा असते. दुबईत तसं नाही. मालक बदलला तरी जुना भाडेकरार तसाच चालू राहतो. स्वतःला राहायला किंवा विकायला जागा हवी असेल तर भाडेकरूला १२ महिन्यांची सूचना द्यावी लागते, आणि ती नोटरीमार्फत किंवा रजिस्टर्ड पोस्टानेच. ह्यांनी व्हॉट्सॲपवर निरोप पाठवला, त्या गृहस्थाने होकाराचा अंगठा पाठवला, आम्ही निश्चिंत. पाच महिन्यांनी वकिलाला सहज सांगितलं तेव्हा कळलं की तो निरोप कायद्याच्या दृष्टीने दिलाच नव्हता. पुन्हा नोटरीची सूचना, पुन्हा पहिल्यापासून १२ महिने. भाडेकरूची काही चूक नव्हती; भाडं तारखेला देत होता बिचारा.

म्हणून राहायला घेत असाल तर रिकामी जागा घ्या. भाड्यासाठी घेत असाल तर चालू भाडेकरू बरा, फक्त इजारीत, म्हणजे भाडेकरारांच्या सरकारी नोंदीत, नोंदवलेला करार बघा, आणि उरलेल्या महिन्यांचं आगाऊ भाडं व अनामत विक्रेत्याकडून वळतं करून घेण्याचं करारात लिहा.

नोंदणीचा दिवस

नोंदणी लँड डिपार्टमेंटने नेमलेल्या ट्रस्टी कार्यालयात होते. नाव मोठं, आतून आपल्या पासपोर्ट सेवा केंद्रासारखं: टोकन, खुर्च्या, काचेमागे कारकून. मूळ पासपोर्ट, ना-हरकत, करार आणि चेक घेऊन जायचं. चेक म्हणजे मॅनेजर्स चेक, बँकेने काढलेला, एक विक्रेत्याच्या नावाचा. फी: ४ टक्के, किरकोळ ५८० दिरहम, आणि कार्यालयाची फी ५ लाख दिरहमच्या आतल्या सौद्याला २,००० अधिक व्हॅट, वर ४,००० अधिक व्हॅट. आमचे ४ टक्के म्हणजे १८,४०० झाले.

कारकुनाने चेक विक्रेत्याला दाखवायला काढला, तेवढ्यात ह्यांनी तो हातात घेतला आणि छताच्या दिव्यासमोर धरला. कारखान्यात जन्म गेला, कागद दिसला की उजेडात धरायचा. आमचाच चेक आम्हीच तपासतोय म्हणून विक्रेता गोंधळला. कारकून मात्र म्हणाला, "गुड, गुड." मग दोघांना विचारलं, पैसे पोचले? जागा पाहिली? संमती आहे? सह्या झाल्या आणि अर्ध्या तासात आमच्या दोघांच्या नावाचं, प्रत्येकी ५० टक्के हिश्शाचं टायटल डीड हातात आलं. नोंद झाल्याशिवाय तिथे मालकी जात नाही, म्हणून चेक आणि कागद एकाच टेबलावर एकाच वेळी हलले पाहिजेत.

वीज-पाण्याचं खातं दीवा कंपनीत, फ्लॅटला अनामत २,००० दिरहम. तासाभराचं काम.

जाता येत नसेल तर मुखत्यारपत्र

विकताना ह्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, म्हणून मी एकटी गेले, ह्यांचं मुखत्यारपत्र घेऊन. त्या कागदाचा प्रवास असा: नाशिकला नोटरी, मग राज्याच्या गृहखात्याचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीची वकिलात, दुबईत गेल्यावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का आणि मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडून अरबी भाषांतर. अपोस्टिलवर, म्हणजे बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच साक्षांकनावर, भागत नाही. प्रवासाच्या आधी दीड महिना हाताशी ठेवा. प्रत्येक टप्प्यावर मागच्या बाजूला एक चिकटपट्टी आणि एक शिक्का वाढतो. या पानांची पिन काढायची नाही. सीबीएसजवळच्या झेरॉक्सवाल्याने सवयीने पिन उचकायला घेतली होती; मी इतक्या जोरात ओरडले की रांगेतले लोक वळले. पिन निघाली की पानं बदलली नाहीत ना, असा संशय येतो आणि पहिल्यापासून सगळं.

मजकूर नेमका ठेवा: कोणता फ्लॅट, कुठे सही, काय अधिकार. नवरा-बायको किंवा मुलांपलीकडे कुणाला देत असाल तर पैसे स्वीकारण्याचा अधिकार देऊ नका. आणि एजंट नको म्हणून निघालात, तर मुखत्यारपत्र एजंटाला देऊ नका. असंही करतात लोक.

हॉटेलातली प्रदर्शनं

नाशिकच्या हॉटेलांत दुबईच्या बांधकामांची प्रदर्शनं लागतात. चहा चांगला असतो. "आज टोकन भरा, कार्ड चालेल" असं म्हणतात. क्रेडिट कार्डाने परदेशी जागेचे पैसे भरू नका. जागेचे पैसे एलआरएसमधून बँकेच्या वाटेनेच जायचे. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाचे पैसे २००७च्या ८ क्रमांकाच्या कायद्याने त्या प्रकल्पाच्या एस्क्रो, म्हणजे फक्त त्या कामासाठी राखलेल्या, खात्यातच भरायचे असतात. दुसऱ्या कुठल्या खात्याचा नंबर दिला तर उठून या. तुमच्या खरेदीची नोंद ऊकूद म्हणजे तात्पुरत्या नोंदवहीत झाली का ते विचारा. आणि चार-पाच वर्षांच्या हप्त्यांचा करार हा आपल्या परकीय चलनाच्या नियमांत उधारी ठरतो का, हे सही करण्याआधी आपल्या बँकेला लेखी विचारा. तयार फ्लॅट घेतला तर ही डोकेदुखीच उरत नाही. व्हिसा मिळेल म्हणून मोठा फ्लॅट घेणं मला कधी पटलं नाही; २० लाख दिरहमच्या जागेवर मिळणाऱ्या गोल्डन, म्हणजे दीर्घ मुदतीच्या, व्हिसासाठी दहा लाखांची गरज असलेल्याने वीस अडकवू नयेत.

हातात असताना

दुबईत व्यक्तीला भाड्यावर आयकर नाही, विक्रीच्या नफ्यावरही नाही. तेवढ्यावरून इथेही नाही असं समजणारे सुशिक्षित लोक मी पाहिलेत. भारतात राहणाऱ्या माणसाला जगभरच्या उत्पन्नावर इथे कर आहे. भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, सर्व्हिस चार्जची वेगळी मिळत नाही. उरलेलं तुमच्या स्लॅबने.

शिवाय परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट, शेड्यूल एफए. जागा रिकामी असो, उत्पन्न शून्य असो, ते भरायचंच. सोपा आयटीआर-वन चालत नाही. विसरलात तर काळ्या पैशाच्या २०१५च्या कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. हे परिशिष्ट आर्थिक वर्षाचं नसून जानेवारी ते डिसेंबरचं असतं. आम्ही नोव्हेंबर २०२४ मध्ये विकला, त्यामुळे विक्रीचा नफा आणि परिशिष्ट एकाच रिटर्नमध्ये बसले. फेब्रुवारी २०२५ मध्ये विकला असता तर नफा त्याच वर्षाच्या रिटर्नमध्ये आणि जागेची शेवटची नोंद पुढच्या वर्षीच्या. "विकली ना, मग कशाला दाखवायची" म्हणून नोटिसा इथेच येतात. दुबईत उघडलेलं बँक खातंही याच परिशिष्टात.

आणि मृत्युपत्र. नाशिकला केलेलं तिथे आपोआप चालेल असं धरू नका. मुस्लिमेतर माणसाला दुबईच्या डीआयएफसी (तिथलं आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्र) न्यायालयाच्या विल्स सेवेत तिथल्या जागेपुरतं मृत्युपत्र नोंदवता येतं. आम्ही चार वर्षं टाळलं, मग ह्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं तेव्हा घाईने केलं.

विकताना

लेक-जावई २०२२ला कॅनडाला गेले, फ्लॅट भाड्याने दिला. विकायचं ठरलं तेव्हा मी सगळ्यात आधी भाडेकरूला विचारलं, आणि हाच माझा सल्ला आहे. त्याला जागेच्या खोडी माहीत असतात, त्याला बाहेर काढायची सूचना द्यावी लागत नाही, रंगरंगोटी नको, दाखवायला माणूस नको. तो नाही म्हणाला तर त्याच मजल्यावरचे शेजारी. आमचा भाडेकरू कोझिकोडचा, दोन मुलं, शाळा जवळच. "आंटी, मीच विचारणार होतो," म्हणाला. व्यवहारांची यादी दोघांनी एकत्र बघितली आणि ६,३०,००० वर थांबलो.

तो बँकेचं कर्ज घेणार होता, म्हणून वेळ लागला. बँकेचा मूल्यांकन करणारा येऊन गेला, मंजुरीचं पत्र आलं, मग मी ना-हरकत काढली. माझा क्रम असा होता: त्याचं अंतिम मंजुरीपत्र हातात आल्याशिवाय तिकीट काढलं नाही. ट्रस्टी कार्यालयात बँकेचा माणूस माझ्या नावाचा आणि ह्यांच्या नावाचा असे दोन चेक घेऊन आला. दोन मालक असतील तर हिश्शाप्रमाणे वेगळे चेक मागा, पुढे कराचा हिशोब सरळ राहतो. चेकवरचं नाव पासपोर्टशी अक्षर अन् अक्षर जुळवा. ह्यांच्या नावात एक अक्षर कमी होतं, चेक दुपारी बदलून आला. तोवर सही केली नाही. बँकेचा माणूस वैतागला, वैतागू दे.

सही झाल्यावर दीवाचं शेवटचं बिल आणि अनामत परत. भाडेकरूची अनामत आम्ही किमतीतून वळती केली.

पैसे घरी

तिथे पडून राहिलेले, पुन्हा न गुंतवलेले पैसे १८० दिवसांत भारतात आणायचे असतात. पाठवताना "निवासी मालमत्तेची विक्री" असं कारण लिहायला सांगा आणि इथल्या बँकेकडून परकीय चलन आल्याचा दाखला घ्या. तो मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि तीन वर्षांनी मागितला तर शोधायला कुणी नसतं.

नफ्यावर भारतात कर. २४ महिन्यांहून जास्त ठेवली असेल तर दीर्घ मुदतीचा, १२.५ टक्के, इंडेक्सेशनशिवाय, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता. २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या जागेला निवासी माणसासाठी इंडेक्सेशनसह २० टक्क्यांचा जुना हिशोबही आहे, सीएला दोन्ही मांडायला सांगा. रुपया आणि दिरहमचं रूपांतर कोणत्या तारखेच्या दराने, हेही त्याच्याकडूनच लेखी घ्या. घर विकून घर घेतलं तर करातून सूट मिळते, मात्र नवं घर भारतातलंच हवं: विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत घेतलेलं, किंवा तीन वर्षांत बांधलेलं. आम्ही पाथर्डी फाट्याजवळ एक लहान फ्लॅट घेतला, नफ्यातला बहुतेक भाग त्यात गेला.

तो मात्र एजंटामार्फत. जागा ह्यांना आवडली, आणि एजंट ह्यांच्या कारखान्यातल्या मित्राचा मुलगा निघाला. त्याला नाही कसं म्हणायचं?